एका विशेषणाचं माहेर

आमच्या सरांच्या वर्गात विशेषण फुकट मिळत नसे. इंग्रजी निबंधात कुणी ते वापरलं की सर वही खाली ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "साक्षीदार आण."

पहिल्यांदा हे माझ्या मागच्या बाकावरच्या मुलावर आलं. त्याने लिहिलं होतं, पनवेल हे सुंदर गाव आहे.

"काय पाहिलंस?" सरांनी विचारलं.

"बंदर, सर."

"बंदरावर काय पाहिलंस?"

पोरगा खरं बोलणारा होता. "चिखल, सर."

"मग चिखल लिही. चांगला लिहिलास तर वाचणारा आपणहून सुंदर म्हणेल. ते काम त्याचं आहे, तुझं नाही."

वर्ग हसला. मी हसले नाही. मला हे अजिबात पटलं नव्हतं, कारण मी विशेषणांवरच वाढलेली मुलगी.

आमचं घर खाडीकाठच्या गावात. आई-बाबा दोघं मिठागरावर. बाबांना वाचता येत नव्हतं, पण छापील कागदावर त्यांचा फार जीव. चळवळीचं कुठलंही पत्रक हाती लागलं की ते कमरेला खोचून घरी आणत आणि संध्याकाळी अंगणात माणसं जमवून माझ्याकडून वाचून घेत. वाचून झालेली पत्रकं आई कुडाच्या भिंतीला चिकटवायची, वारा येऊ नये म्हणून. माझी शब्दांशी ओळख त्या भिंतीवर झाली. जुलमी, नराधम, रक्तपिपासू. लाथ मारणाऱ्या म्हशीला मी रक्तपिपासू म्हणायचे आणि आईला वाटायचं, शाळेत पोरीला चांगलं शिकवतात.

अशा मुलीच्या वाट्याला हे सर आले. अंगाने बारीक, डोक्यावर काळी गोल टोपी, बंद गळ्याचा पांढरा कोट, आणि बारा महिने छत्री. ते इस्रायल आळीत राहत. आमच्यासारखंच मराठी बोलणारे, कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले हे ज्यू लोक. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा वार. आळीतल्या पुष्कळांना नोकरीपायी तो पाळता येत नसे. सर मात्र कडक पाळत. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, पेन हातात धरायचं नाही. शाळेने त्यांना शनिवारी सुट्टी दिली होती आणि त्या बदल्यात रविवारी ते मॅट्रिकच्या वर्गाचा जादा तास घेत. पण शनिवारी सकाळी ज्याला यायचं त्याने त्यांच्या ओटीवर यावं, अशी मोकळीक होती. शाळा असली तरी आम्ही काहीजण तास चुकवून जायचो. तिथे खडू नाही, फळा नाही, वही उघडायची नाही. सर डोळे मिटून बसत आणि एखादा इंग्रजी शब्द तोंडी सांगत. एका शनिवारी एकच शब्द.

आणि तो कसा सांगत? स्थळ सांगावं तसा.

"हिचं माहेर कुठलं?" इथून सुरुवात. सरांच्या लेखी प्रत्येक इंग्रजी शब्द ही लग्न होऊन आलेली मुलगी होती. कुणी लॅटिनच्या घरची, कुणी ग्रीकांची, कुणी फ्रेंचांकडे काही वर्षं राहून आलेली. माहेरी तिला काय म्हणत, वाटेत काय काय सोसलं, सासरी आल्यावर स्वभाव कसा बदलला, हे सगळं ते नात्यातल्या मुलीबद्दल सांगावं इतक्या काळजीने सांगत. 'सुपरसिलिअस' शिकवताना त्यांनी एक भुवई इतकी वर नेली की टोपी हलली. तिच्या माहेरी भुवईला जे नाव, त्यावरूनच ती झालेली. म्हणून भुवई चढवून जगाकडे बघणाऱ्या माणसाला ते विशेषण लागतं. आम्ही तो शब्द कधी विसरलो नाही. आजही कुणी साहेब माझ्याकडे तसं बघायला लागला की मला सरांची टोपी आठवते आणि भीती जाते.

आतून त्यांच्या पत्नी गूळ-खोबरं घातलेले पोहे आणून ठेवत, शुक्रवारीच करून ठेवलेले. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. "यांना सख्ख्या मेहुण्यांची नावं आठवत नाहीत," त्या म्हणायच्या, "शब्दांच्या पणजोबांची विचारा."

"मेहुण्यांनी एवढा प्रवास केलेला नाही," सर डोळे मिटूनच उत्तर देत.

पुढे एकेक मेहुणा खरोखरच बोटीत बसून इस्रायलला गेला. मग बाई म्हणायला लागल्या, "आता तरी आठवा त्यांची नावं."

साक्षीदार मागायची सवय वर्गापुरती नव्हती. बाजारात एकदा मी त्यांना मासळीवालीसमोर उभं पाहिलं. ती म्हणत होती, "ताजं पापलेट हाय, मास्तर."

"ताजं म्हणजे कधीचं?"

"मास्तर, घ्यायचा तर घ्या. नायतर बुकात बगा नि बुकच शिजवा."

दुसऱ्या दिवशी सरांनी हे वर्गात सांगितलं, भलतेच खूश होऊन. "तिने मला गप्प केलं, आणि एकही विशेषण न वापरता केलं. तिला माझ्या जागी उभं करायला हवं."

त्यांचा आणखी एक नियम होता आणि माझ्या आयुष्यात जे घडलं ते त्या नियमाने घडलं. एखाद्या माणसाविषयी काही लिहिलं, तर छापण्याआधी ते त्याच्यासमोर जाऊन वाचायचं. "तोंडावर वाचता येत नसेल ते लिहू नये. मागून लिहिलेलं विशेषण म्हणजे चुगली." वर्गात आम्ही एकमेकांवर निबंध लिहायचो तेव्हाही हाच नियम. त्यामुळे निबंध छोटे होत आणि मारामाऱ्या मधल्या सुट्टीत होत.

मी अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात होते. त्या वर्षी दिवाळीनंतर मिठागरं सुरू झाली आणि पाण्याची गाडी आली नाही. मिठागरात प्यायला पाणी नसतं, हे ज्यांनी मिठागर पाहिलेलं नाही त्यांना सांगायला हवं. चारी बाजूंनी पाणीच पाणी, आणि सगळं खारं. गोड्या पाण्याची पिंपं मालकाने बैलगाडीने पाठवायची, ही जुनी रीत. मालकाने ती बंद केली. आई आणि तिच्याबरोबरच्या बाया पहाटे घरून निघताना मडकं डोक्यावर घेऊन निघत आणि दुपारपर्यंत ते संपलेलं असे. ओठ फुटत. मिठाच्या टोपलीचं पाणी त्या फुटलेल्या ओठांवर गळे.

मी पत्रक लिहिलं. बाबांनी ते अंगणात ऐकलं आणि म्हणाले, "जोरात हाय. पण मास्तराला दाखव." बाबा सरांना कधी भेटले नव्हते. पण जो मास्तर शब्दाला साक्षीदार मागतो, तो त्यांना कोर्टापेक्षा खरा वाटायचा.

सरांनी पत्रक रविवारी वाचलं. "रक्तपिपासू लिहिलंयस. रक्त पिताना पाहिलंस?"

"नाही."

"काय पाहिलंस?"

"पाण्याची गाडी आली नाही."

"आणखी?"

"आईचे ओठ."

"मग ते लिही. आणि हे सगळं काढ." त्यांनी नखाने रेघा ओढल्या. रक्तपिपासू गेलं, नराधम गेलं, जुलमीसुद्धा गेलं. मी रडकुंडीला आले. माझ्या घराची भिंतच कुणी काढून नेत होतं. उरलेलं पत्रक पोस्टकार्डावर मावलं असतं. त्याला नाव दिलं, 'मिठागरात पाणी का नाही?'

"आता त्याला वाचून दाखव," सर म्हणाले.

मिठागराचे मालक पनवेलच्या बाजारपेठेत पेढीवर बसत. आमच्या शाळेच्या कमिटीचे अध्यक्षही तेच. हे सरांना ठाऊक होतं, मलाही. पण नियम होता. आणि मला सांगायला हवं की मी त्या वयात नियमापेक्षा भांडणाच्या ओढीनेच गेले.

शेठ तक्क्याला टेकून बसले होते. मी उभ्याने वाचलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग नोकराला म्हणाले, "पोरीला पाणी दे. घसा कोरडा पडला असेल."

माठातलं गार पाणी पितळी पेल्यात आलं. मी म्हणाले, "हे मिठागरात पाठवा."

शेठ हसले. "कुणाची गं तू?"

मी सांगितलं.

"शाळेत जातेस?"

"अकरावीत आहे."

"आपल्याच शाळेत?"

"हो."

"बरं," शेठ म्हणाले, आणि समोरचे कागद चाळायला लागले. त्या 'बरं'चा अर्थ मला कळायला पुढचा शुक्रवार उजाडावा लागला.

शुक्रवारी हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. मॅट्रिकच्या परीक्षेचे फॉर्म जायचे होते. माझा बाजूला काढून ठेवला होता. त्यांनी एक इंग्रजी मसुदा वाचून दाखवला. शाळेच्या सर्व शिक्षकांच्या मते या विद्यार्थिनीचं वर्तन 'इग्रीजिअस' असून तिला यंदा परीक्षेला बसवू नये. शनिवारी शाळा सुटल्यावर सगळे शिक्षक त्याखाली सह्या करणार होते. अध्यक्षांना आपलं नाव त्यात कुठेही नको होतं. निर्णय मास्तरांनी, एकमताने घेतला असं दिसायला हवं होतं. अशी माणसं मी नंतर पुष्कळ पाहिली. ती स्वतः कधी मारत नाहीत, मारणाऱ्यांची सभा भरवतात.

"इग्रीजिअस म्हणजे काय, सर?" मी हेडमास्तरांना विचारलं.

ते वाईट नव्हते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "चांगलं नाही. उद्या वर्गात बसू नकोस. दुपारी ये फक्त."

आमच्या गावातून कुणी मुलगी मॅट्रिकपर्यंत आली नव्हती. वर्ष चुकलं तर पुढच्या वर्षी आई मला टोपली देणार, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. ती वाईट होती म्हणून नाही, तिचे गुडघे गेले होते म्हणून.

शनिवारी सकाळी मी एकटीच सरांच्या ओटीवर गेले. बाकी कुणी आलं नव्हतं. आदल्या दिवशीच बातमी शाळाभर झाली होती. मी रडायचं नाही असं ठरवून गेले होते, म्हणून बसल्या बसल्या शब्दच विचारला. "सर, इग्रीजिअस. हिचं माहेर कुठलं?"

सरांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले नाहीत. अंगणाकडे बघतच ते सांगायला लागले.

"लॅटिनच्या घरची. तिथे 'ग्रेक्स' म्हणजे कळप. शेळ्यामेंढ्यांचा. 'ए' म्हणजे बाहेर. कळपातून बाहेर उठून दिसणारं, ते इग्रीजिअस. माहेरी फार मान होता हिला. शंभरात एक असा जो असेल, त्याला हे विशेषण. इंग्रजीत आली तेव्हाही सुरुवातीला गुणाचीच होती. थोरामोठ्यांना लावायचे."

"मग?"

"मग सासरी जे होतं तेच. कुणीतरी एकदा तिरकस बोललं, 'आल्या मोठ्या गुणाच्या.' ऐकणारे हसले. दुसऱ्याने तसंच म्हटलं, तिसऱ्याने म्हटलं. शेवटी तेच नाव पडलं. आता हा शब्द कुणी चांगल्याला लावत नाही. ढळढळीत चूक, निर्लज्ज गुन्हा, असं काही असलं की हिची आठवण होते."

"म्हणजे तिचा काही दोष नव्हता," मी म्हणाले.

"कळपाबाहेर दिसायची, एवढाच."

पोहे आले, ते त्यांनी खाल्ले नाहीत. मग एकदम म्हणाले, "आता तू जा."

दारात बाईंनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मी हळूच विचारलं, "सर येतील का दुपारी?"

"आज ते कुठे कामाला जात नाहीत, बाय," त्या म्हणाल्या. "आज शनिवार."

दुपारी मला शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी उभं केलं होतं. मसुदा टेबलावर फिरत होता. एकेक जण खुर्चीतून पुढे वाकत होता, सही करत होता, आणि सही झाल्यावर खिडकीतून मैदानाकडे बघत होता. गणिताच्या मास्तरांनी सही केली. मी त्यांची आवडती विद्यार्थिनी होते. ड्रॉइंगच्या मास्तरांपर्यंत कागद आला तेव्हा व्हरांड्यात छत्री टेकल्याचा आवाज झाला.

हेडमास्तर उठून उभे राहिले. "सर, तुम्ही? आज? तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

"चालत आलो. चालायला बंदी नाही."

"तुमची सही नको आहे आम्हाला. आज तुम्हाला लिहिता येत नाही, सगळ्यांना माहीत आहे. 'धार्मिक कारणामुळे सही नाही' एवढं मी लिहितो. कुणाचीही हरकत असणार नाही."

हेडमास्तरांनी हे अगदी मनापासून म्हटलं होतं. ते सरांना दार उघडून देत होते. खोलीतल्या प्रत्येकाला त्या क्षणी आपणही इस्रायल आळीत जन्मलो असतो तर बरं, असं वाटलं असणार.

"ते लिहू नका," सर म्हणाले. "ते खरं नाही."

"मग उद्या करा सही. सोमवारी कागद वर जाईल."

"उद्या मला लिहिता येईल. उद्याही मी सही करणार नाही. शनिवारच्या आड मला बसवू नका. त्याचं काम ते नव्हे."

सर पुढे म्हणाले, "या मुलीने पत्रक लिहिलं आणि ज्याच्याविषयी लिहिलं त्याच्यासमोर जाऊन वाचलं. ते तिला मी शिकवलं. तिने वाचलं नसतं तर तुम्हाला तिचं नाव कळलंही नसतं. तेव्हा शिक्षा करायची तर शिकवणाऱ्यापासून सुरुवात करा. आणि त्या कागदावर तुम्ही एक विशेषण घातलं आहे. त्याला साक्षीदार आणा. पत्रकातलं एक वाक्य खोटं आहे असं कुणीही सांगा, मी इथून निघून जातो."

पेढीवर वाचून झाल्यावर पत्रक छापून वाटलं गेलं होतं आणि खोलीत प्रत्येकाने ते वाचलेलं होतं. पाण्याची गाडी आली नव्हती, हे पनवेलात कुणाला माहीत नव्हतं?

ड्रॉइंगच्या मास्तरांनी पेनला टोपण लावलं. एवढाच आवाज झाला. मग त्यांनी सही न करता कागद हेडमास्तरांकडे सरकवला.

एकमत राहिलं नाही, आणि एकमताशिवाय तो कागद अध्यक्षांच्या कामाचा नव्हता. स्वतःच्या सहीने मला अडवायचं तर पेढीवरच्या माणसाला उघड्यावर यावं लागलं असतं. सोमवारी माझा फॉर्म गेला. मी पास झाले. पाण्याची गाडी त्या हंगामात आलीच नाही. पत्रक मात्र गावोगाव फिरलं, आणि पुढच्या दिवाळीनंतर पिंपं यायला लागली. आईने पहिल्या दिवशी पाणी प्यायच्या आधी त्यात हात बुडवून पाहिला, खरंच गोडं आहे का म्हणून.

जूनमध्ये सर निवृत्तीच्या वयाला आले. त्यांच्या आधीच्या सगळ्या शिक्षकांना शाळेने मुदतवाढ दिली होती. सरांना दिली नाही. कारण कुणी सांगितलं नाही आणि सरांनी विचारलं नाही. त्यांचा निरोपसमारंभही झाला नाही. आदर्श शिक्षकांच्या गळ्यात हार घालणाऱ्या सभांना मी आजही जात नाही, त्याचं कारण हे. हारांच्या त्या राशीत एक हार कमी आहे, हे मला दिसतं.

त्यानंतर ते ओटीवर शिकवण्या घेत राहिले. मी आधी मुलांना शिकवणारी आणि मग लिहिणारी झाले. लोक म्हणतात, तुमच्या लिहिण्याला धार आहे. धार लावायला काही घालावं लागत नाही, घासून काढावं लागतं, हे मला त्या नखाने शिकवलं. मी आज एक वाक्य सरळ लिहू शकते आणि ज्याच्याविषयी लिहिलं त्याच्या पुढ्यात उभी राहू शकते. एवढं मला एका माणसाने दिलं. आईवडिलांनी जन्म दिला, त्यानंतर इतकं मोठं मला कुणी काही दिलेलं नाही.

आता सरही इस्रायलला जायला निघाले आहेत. मुलं तिकडे आहेत, त्यांनी बोलावलं आहे. ओटीवर बांधलेल्या पेट्या आहेत. म्हणून हे घाईने लिहिलं, आणि नियमाप्रमाणे गेल्या शनिवारी त्यांच्यासमोर जाऊन वाचलं. शेवटी मी सरांसाठी एक विशेषण ठेवलं होतं, तेच 'इग्रीजिअस', त्याच्या माहेरच्या अर्थाने. सरांना ते आवडेल असं मला वाटत होतं.

सरांनी डोळे उघडले. "शेवटचा शब्द काढ. साक्ष अपुरी आहे."

"का, सर?"

"मी त्या दिवशी येणार नव्हतो." ते पेट्यांकडे बघत म्हणाले. "शुक्रवारी संध्याकाळी हेडमास्तर घरी येऊन गेले होते. सभा मुद्दाम शनिवारी ठेवली आहे, म्हणाले, तुम्ही घरीच राहा, तुमच्यावर काही येणार नाही. मला बरं वाटलं. मुदतवाढीचा प्रश्न होता. मी घरी बसायचं ठरवून टाकलं होतं."

"मग?"

"मग सकाळी तू आलीस आणि त्या शब्दाचं माहेर विचारलंस. ते सांगून झाल्यावर घरात बसवेना."

आतून बाई म्हणाल्या, "माझ्या चपला घालून गेले होते. तेही लिही."

"लिही," सर म्हणाले. "मी कळपातलाच होतो. भीतभीत बाहेर आलो, इतकंच. ते लिहिलं नाहीस तर मुलांना वाटेल, असं करणारी माणसं निराळीच जन्माला येतात. मग मुलं घरीच बसतील."

त्यांच्या ओटीवर शनिवारी मी पेन काढत नाही. घरी आले, रविवार उजाडू दिला, आणि शेवटचं विशेषण खोडून त्या जागी हे वाक्य लिहिलं: सर त्या दिवशी घाबरले होते, आणि आले.